ते फुलपाखरू

गेल्या दिवाळीत नवी दिल्लीतील एका मराठी अधिकाऱ्यांच्या घरी फराळास जाण्याचा योग आम्हांस आला. अधिकारी हुद्द्याने आमच्याहून बरेच वर, परंतु कारकुनास सहकुटुंब घरी बोलावण्याइतके मनाने मोकळे. हे प्रथमच नमूद केले पाहिजे, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांच्या घरी जे दिसले आणि जे आमच्याही घरी बिनदिक्कत चालत होते, त्याविरुद्ध आहे. दिवाणखान्यात काचेचे कपाट होते. त्यात मराठी पुस्तके होती आणि खालच्या खणात, लहान हातांना पोहोचावीत अशा उंचीवर, चित्रांची पुस्तकेही होती. आमचा जीव सुखावला. यजमानांनी आपल्या चार वर्षांच्या चिरंजीवांस हाक मारली, फुलपाखरांवरील गाण्यांचे एक सुरेख चित्रमय पुस्तक बाहेर काढले, पहिल्याच चित्रावर बोट ठेवले आणि विचारले, "सांग बेटा, बटरफ्लायला मराठीत काय म्हणतात?" चिरंजीव उत्तरले, "फुलपाखरू." सर्वांनी टाळ्या वाजविल्या. "आणि येलोला?" "पिवला." पुन्हा टाळ्या. पुस्तक मिटले, कपाटात गेले, काच सरकली. त्या पुस्तकाची चोवीस पाने होती आणि पानापानावर दोन-दोन ओळींचे यमक होते. त्यांतील एकही ओळ त्या संध्याकाळी कोणी उच्चारली नाही. आणि पुस्तकाच्या कोऱ्या करकरीत कडा पाहता त्यापूर्वी कधी उच्चारली गेली असेल असे वाटले नाही.

'मुलांचे मराठी जपणे' या शब्दांस आपल्या प्रवासी मराठी समाजात आज जो अर्थ प्राप्त झाला आहे तो हा! परीक्षा घ्यावी, उत्तर मिळाले की टाळ्या वाजवाव्या, आणि कर्तव्य पार पडले असे मानून चिवड्याकडे वळावे. त्या प्रश्नाची घडणच पाहा. 'बटरफ्लायला मराठीत काय म्हणतात?' या वाक्यात खरी वस्तू बटरफ्लाय ही आहे. फुलपाखरू हे तिचे भाषांतर. ज्या घरात मराठी ही नावे भाषांतरून सांगण्यापुरती उरली, तेथे ती मातृभाषा राहिली नाही. ती शब्दावली झाली. आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे शब्दावलीचे आयुष्य किती असते हे आम्हांस ठाऊक आहे. हिंदी पंधरवड्यात आमच्या कक्षाबाहेरील फळ्यावर 'आज का शब्द' आम्हीच लिहितो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच पुसतो.

आमच्या शेजारी बिजनौरकडील एक वृद्ध बाई राहतात. सकाळच्या उन्हात नातवास मांडीवर घेऊन त्या तितलीची कसलीशी गाणी म्हणत बसतात. गाणी वेडीवाकडी, काही बहुधा त्यांनीच रचलेली. 'तितली को हिंदी में क्या कहते हैं' असे त्या नातवास विचारीत नाहीत. जिवंत भाषेत हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. आमची कन्याही त्या उन्हात जाऊन बसते आणि घरी येताना तितली घेऊन येते. यात त्या बाईंचा दोष काय? त्यांनी आपले काम केले. आम्ही केले नाही.

दुसऱ्यावर कोरडे ओढण्यापूर्वी स्वतःची पाठ उघडी करणे न्यायाचे होय. गेल्या उन्हाळ्यात गावी जाताना पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आम्हीही तसलेच एक पुस्तक घेतले होते. दुकानातच चार पाने गुणगुणून पाहिली, ठेका बरा वाटला, किंमत परवडली. रामकृष्णपुरमातील क्वार्टरात परत आल्यावर ते ट्रंकेतून निघाले आणि कपाटाच्या माथ्यावर चढले ते पाच महिने उतरले नाही. दिवाळीच्या त्याच आठवड्यात एका रात्री आमच्या मातोश्रींचा साताऱ्याहून फोन आला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय करतंय माझं लेकरू? जेवलं का?" आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येने क्षणभर ऐकले, फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, आजी किसी और से बात कर रही है."

आम्ही हसलो. पलीकडे आजी हसली नाही.

त्या रात्री आम्हांस जे उमगले ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. मुलीला 'जेवलीस का' हे समजले असते. 'जेवलं का' हे समजले नाही. ती शब्द विसरली नव्हती; तिच्या कानातून एक सबंध लिंगच नाहीसे झाले होते. हिंदीत नपुंसकलिंग नाही. बंगालीत तर व्याकरणातले लिंगच उरले नाही. मराठी, गुजराती आणि कोंकणी यांनी संस्कृतापासून आलेले हे तिसरे लिंग जपले. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या तोंडून प्रथम जाते ते हेच. फुलपाखरू 'आली', घर 'मोठा', दूध 'सांडली' असली वाक्ये आपल्यापैकी ज्यांच्या घरी ऐकू आली नाहीत त्यांनी हा लेख येथेच बाजूस ठेवावा. बाकीच्यांशी आम्हांस बोलावयाचे आहे.

कोणी म्हणेल, एका लिंगाने काय बिघडते? हिंदीचे काय अडले? हिंदीचे काहीच अडले नाही. हिंदीने आपला जिव्हाळा ठेवावयास दुसऱ्या जागा शोधल्या. परंतु मराठीने आपला जिव्हाळा नेमका कोठे ठेवला आहे, हे एकदा नीट पाहा. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू, करडू, रेडकू, पिल्लू, पाडस, मूल, बाळ, तान्हे! जे जे लहान, जे जे अजून आईच्या पदराखाली, ते ते आपल्या भाषेने नपुंसकलिंगात घातले. छावा किंवा कालवड यांसारखे अपवाद आहेत. पण ओघ कोणीकडे आहे हे सांगावयास वैयाकरण नको. 'नपुंसक' हे वैयाकरणांनी दिलेले नाव मोठे रुक्ष. ऐकणाऱ्यास उगीचच वैगुण्याची शंका यावी असे. घरात त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. मुलगा असो वा मुलगी, आजी जेव्हा 'माझं लेकरू दमलं' म्हणते, तेव्हा ती त्याला मुलगा-मुलगी या भेदापलीकडच्या जागी नेऊन कुशीत घेते. जर्मन लोकही मुलास नपुंसकलिंगीच संबोधतात, असे आम्ही वाचले आहे. तेव्हा हा काही आमचाच विक्षिप्तपणा नव्हे. आमच्या मुलीला आपल्याच भाषेत कुशीत घेतले जात होते आणि तिला वाटले, आजी दुसऱ्याच कोणाशी बोलते आहे.

फुलपाखरू हा शब्द याच कुळातील. फुलाचे पाखरू. कोंकणीत त्याला पिसोळें म्हणतात, तेही नपुंसकलिंगीच. आणि गंमत अशी की या एका चिमुकल्या जीवाच्या जन्मकथेत मराठीची तिन्ही लिंगे येऊन जातात. ते अंडे, ती अळी, तो कोश आणि पुन्हा ते फुलपाखरू. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकास इतका सुबक पाठ साधलेला नाही. हिंदीतील तितली मात्र स्त्रीलिंगी. म्हणून आमची मुले फुलपाखराला 'ती' म्हणतात. त्यांनी तितलीला मराठी पोशाख घातला, इतकेच. ज्या चिरंजीवांस दिवाळीत टाळ्या मिळाल्या, त्यांना तो शब्द येत होता यात शंका नाही. त्या शब्दाचे फुलपाखरू उडाले की उडाली, हे मात्र त्यांना कोणी विचारलेच नाही.

येथे यमक कामास येते. 'बसलं' या शब्दाशी 'हसलं' जुळते, 'बसली' जुळत नाही. पहिली ओळ 'बसलं' या शब्दावर थांबली की दुसऱ्या ओळीच्या शेवटी काय यावयाचे हे तीन वर्षांचे मूलही कानाने ओळखते. वाचणाऱ्याने शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबावे. तो शब्द मूल स्वतः भरते, आणि भरताना नपुंसकलिंगाचा प्रत्यय अचूक लावते. त्यास कोणी नियम सांगितलेला नसतो. चुकले तर यमक मोडते आणि ते मोडलेले त्यालाच खटकते. पंतोजीच्या छडीने जे साधत नाही ते ठेक्याने साधते, असा आमचा सहा महिन्यांचा अनुभव आहे. यासाठी गाणे गाणे म्हणूनच म्हटले पाहिजे. मध्येच थांबून 'हा कोणता रंग' विचारले, किंवा ओळीचा अर्थ हिंदीत समजावून दिला, की ठेका तुटलाच. आणि ठेका तुटला की त्या ओळीचे काम संपले. अर्थ चित्र सांगते. चित्र त्यासाठीच काढलेले असते.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "एवढी घाई कशाला? लिपी एकच आहे. मुलगा शाळेत हिंदी शिकेल, देवनागरी येईल, मग मराठी वाचावयास त्याला कितीसा वेळ?" हा युक्तिवाद दिल्लीत फार लोकप्रिय आहे आणि वरवर पाहता बिनतोड आहे. वस्तुतः हाच मोठा सापळा होय. मद्रासेस किंवा कलकत्त्यास वाढणाऱ्या मराठी मुलास निदान एवढे तरी कळते की मराठी ही निराळी लिपी शिकून वाचावयाची निराळी भाषा आहे. दिल्लीच्या मुलास वाटते, आपल्याला ती येतेच! तो 'चांगले' मधील च चहातल्या चसारखा म्हणतो. 'जग' आणि 'जीव' यांतील ज एकच समजतो. दोन च, दोन ज आणि दोन झ यांचा भेद आमची लिपी दाखवीतच नाही. तो आईबापांच्या तोंडून मुलांच्या कानात जावयाचा असतो. आणि ळ? फुलपाखरांच्या पुस्तकात तर ळ शिवाय पान हलत नाही. पिवळे, निळे, काळे, जांभळे. सकाळ, पाकळी, कोवळे. आमच्या यजमानांचे चिरंजीव 'पिवला' म्हणाले ते वाचकांच्या लक्षात असेलच. आमच्या सेक्टरात रोहतककडील एक भाजीवाला हातगाडी घेऊन येतो. त्याच्या हरियाणवी बोलीत ळ आहे, आणि भारत सरकारच्या कित्येक मराठी उपसचिवांच्या मुलांपेक्षा तो 'काळा' हा शब्द शुद्ध उच्चारतो, हे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

छापील अक्षरावर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे; तिच्याकडे आपल्या विद्वानांचेही फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्वी नपुंसकलिंगी एकवचन 'आलें' असे, डोक्यावर अनुस्वार देऊन छापीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. छापखान्यांची सोय झाली, विद्यार्थ्यांचा ताप वाचला. आम्ही त्या निर्णयाविरुद्ध नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की 'पाखरू आले' आणि 'पाहुणे आले' या दोन वाक्यांतील क्रियापद कागदावर हुबेहूब एक झाले. एक नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. डोळ्यास भेद दिसेना. कानास मात्र तो आजही स्पष्ट ऐकू येतो. कारण बोलताना आपण पाखरू 'आलं' म्हणतो आणि पाहुणे 'आले'. महाराष्ट्रातील मुलास याने काही बिघडत नाही. रस्त्यावर, अंगणात, बसमध्ये ते लिंग त्याच्या कानावर आदळतच असते. दिल्लीतील मुलास तो भेद ऐकविणारे माणसांचे तोंड एकच: घरातले. ते मिटले की नपुंसकलिंग कोणत्या कागदावरून शिकावयाचे? म्हणूनच, ज्या बालपुस्तकांत 'आलं, गेलं, बसलं' असे बोलीप्रमाणे छापलेले असते ती आम्हांस अधिक मोलाची वाटतात. आमच्यासारख्या ग्रांथिक मराठी लिहिणाऱ्याने हे म्हणावे याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. पण मुलाच्या कानापुढे आम्ही आमची ग्रांथिकता गुंडाळून ठेवण्यास तयार आहोत.

वेळ नसतो, ही तक्रार आम्ही विचारातही घेत नाही. चोवीस पाने सावकाश म्हणावयास सहा मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहिले आहे. कोणत्याही कक्षात चहाच्या एका फेरीस याहून अधिक वेळ जातो. मोबाइलवर फुलपाखरांची हलती गाणी आहेत, मराठीतही आहेत, तीच का लावू नयेत, असे विचारणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे की मोबाइल यमकापाशी थांबत नाही. मुलाने भरावयाचा शब्द तो स्वतःच भरतो आणि पुढे जातो. मुलाने चित्रावर बोट ठेवले तरी त्यास कळत नाही. आणि 'आमच्या घरी आई पंजाबी आहे, मग कसे जमणार' या प्रश्नाचे उत्तर असे की मग बापाने म्हणावे. आई हिंदीतले किंवा पंजाबीतले निराळे पुस्तक म्हणेल. मुलास दोन पुस्तके जड होत नाहीत. न म्हटलेले एकच जड होते.

१८०६ साली इंग्लंडमध्ये विल्यम रॉस्को नावाचे एक गृहस्थ होते. लिव्हरपूलचे वकील, पुढे पेढीचे भागीदार, त्याच वर्षी पार्लमेंटवर निवडून आलेले आणि गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले. या गृहस्थांनी त्याच धामधुमीत आपल्या लहानग्या मुलासाठी फुलपाखराच्या मेजवानीचे एक यमकबद्ध गाणे रचले. ते १८०६ सालीच एका मासिकात आले आणि १८०७ साली लंडनच्या जॉन हॅरिस या प्रकाशकाने चित्रांसह पुस्तकरूपाने काढले. इंग्रजी बालवाङ्मयाच्या इतिहासात या चिमुकल्या पुस्तकाचे नाव आजही घेतले जाते ते एवढ्याचसाठी, की ज्या काळी मुलांची पुस्तके म्हणजे उपदेशाचे काढे असत, त्या काळी यात उपदेशाचा थेंबही नव्हता. किडे आणि फुलपाखरू जमतात, जेवतात, नाचतात आणि रात्र झाल्यावर घरी जातात. संपले!

आणि आमच्या आजच्या पुस्तकांकडे पाहावे तर काय दिसते? (सर्वच नव्हेत. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या, चित्र आणि मजकूर दोहोंची जाण असलेल्या लेखिका आपल्यात आहेत हे मराठीचे भाग्य होय.) परंतु दिल्लीच्या पुस्तक-जत्रेत जी हाती लागली त्यांतील बरीचशी परभाषेतून आलेली. चित्रे आधीची, मजकूर मागाहून बसविलेला. गद्याचे तुकडे एकाखाली एक मांडले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी 'आहे' ठेवले की त्यास यमक म्हणावयाचे! असले पुस्तक मुलापुढे तीनदा म्हणून पाहा. चौथ्यांदा वाचणाऱ्यासच झोप येते. शेवटच्या पानावर हमखास प्रश्नपत्रिका: किती रंग मोजलेस? फुलपाखरे का वाचवावीत? परागीभवन म्हणजे काय? साडेतीन वर्षांच्या पोरीने पर्यावरणाची जबाबदारी का घ्यावी हे आम्हांस कळत नाही; ती आमच्या मंत्रालयांकडेच राहू द्यावी. बालगीत लिहिणे हे उरल्यासुरल्या वेळात करावयाचे काम आहे ही समजूत या दुखण्याच्या मुळाशी आहे. विंदा करंदीकरांना ती समजूत नव्हती. 'स्वेदगंगा' लिहिणाऱ्या त्या कवीने १९६१ साली 'राणीची बाग' मुलांच्या हाती दिली, आणि तिच्यात आपली छंदावरची हुकमत तसूभरही कमी वापरली नाही. ग. ह. पाटलांची फुलपाखरावरील कविता महाराष्ट्रातील पिढ्यांच्या तोंडी बसली ती तिच्यातील शास्त्रीय माहितीमुळे नव्हे.

कोणी म्हणेल, हे सारे पुण्या-मुंबईच्या लोकांनी पाहावे. बदलीच्या गावी पडलेल्या आम्ही काय करावे? त्यांना आम्ही भा. रा. तांब्यांची आठवण देतो. मध्य भारतातील मुंगावलीस जन्म, देवास-इंदूर-ग्वाल्हेरकडे आयुष्य, संस्थानी चाकरी, चहूकडे हिंदी. मराठीतील सर्वांत गेय कवितेपैकी बरीचशी त्या चाकरमान्याने तेथेच बसून लिहिली. अर्थात आपण तांबे नव्हे. पण दुसऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी मोठ्याने म्हणावयास तांबे असावे लागत नाही.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. त्यांतील दोन आम्हीही खाल्ले. पुढच्याच फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ साली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या संमेलनानंतर एकाहत्तर वर्षांनी! तालकटोऱ्यावर तीन दिवस आम्ही हिंडलो. ऊर भरून आला हे खोटे कशाला सांगावे? अध्यक्षस्थानी डॉ. तारा भवाळकर होत्या. जात्यावरच्या ओव्या, लोकगीते, बायकांच्या तोंडी जगलेले वाङ्मय हा त्यांच्या आयुष्याचा अभ्यासविषय. भाषा तोंडातून कानात जाऊन टिकते हे ज्यांच्या अभ्यासाचे मर्म, त्या विदुषी अध्यक्षपदी असताना मंडपात आमच्या पुढच्या रांगेतील एक आई आपल्या बाळास हलक्या आवाजात दटावीत होती, "बेटा, क्वाएट बस." आम्ही त्या बाईंस दोष देत नाही. आमची कन्याही तेव्हा आमच्या खांद्यावर होती, आणि आम्हीही तिच्याशी काही फार निराळे बोलत नव्हतो.

त्या दिवाळीनंतर पुस्तक कपाटावरून उतरले. पहिले आठ दिवस कन्येस ते मुळीच आवडले नाही. तिला मोबाइल हवा होता आणि बाबांचा आवाज चांगला नव्हता, दोन्ही रास्त. नवव्या-दहाव्या रात्री तिने एक यमक भरले. मग हट्टच सुरू झाला: 'अजून', 'पुन्हा', 'पहिल्यापासून'. महिन्याभरात पुस्तक आम्हांस पाठ झाले, तिला आमच्याआधी झाले. एखादी ओळ आळसाने गाळली तर ती पान धरून ठेवू लागली. हिंदी तिची गेली नाही; शेजारच्या उन्हात ती पूर्वीसारखीच तितली गाते. आम्हांस तेवढेच हवे होते.

यंदा मार्चअखेर आमच्या सज्जातील कढीलिंबाच्या कुंडीवर अळ्या दिसू लागल्या. दिल्लीत मराठी बिऱ्हाड ओळखावयाचे तर सज्जात तुळस पाहू नये, कढीलिंब पाहावा! लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालणारे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू येथे सर्वत्र आढळते. त्याची अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते, आणि काडीने डिवचले तर डोक्यामागून लालसर शिंगे काढून घाण वास सोडते. (महाराष्ट्राने २०१५ साली ज्यास राज्य-फुलपाखरू केले ते ब्लू मॉर्मन हे याचेच मोठे भावंड. ते मात्र आमच्या कुंडीवर येत नाही; त्याची बदली दिल्लीस होत नसावी.) मुलीच्या आईचा कढीलिंबावर जीव, तरी तिने तीन अळ्या राहू दिल्या. दोन पाखरांनी टिपल्या. एकीचा कोश झाला. आठदहा दिवसांनी एका रविवारी सकाळी तो फुटला, ओले पंख वाळेतो ते काठीवर बसून राहिले आणि मग कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून पलीकडच्या कडुनिंबाकडे गेले. कन्या ओरडली, "बाबा, ते उडलं!"

'उडालं' म्हणावयास हवे होते, हे आम्हांसही कळते. आम्ही ते दुरुस्त केले नाही.

आता एक शेवटचे सांगून हा लेख आवरतो. आमच्या वस्तीजवळील मराठी मंडळाच्या ग्रंथालयात बालविभागाचे एक कपाट आहे. काचेतून पाहता त्यात पन्नास-साठ चित्रमय पुस्तके असावीत. निदान तीनांच्या मुखपृष्ठावर फुलपाखरे दिसतात. येत्या महाराष्ट्रदिनी मुलांच्या कवितापाठाची स्पर्धा ठेवल्याचे परिपत्रक मंडळाने काढले आहे. प्रथम क्रमांकास चषक मिळेल. कपाटास मात्र कुलूप आहे. गेल्या चार महिन्यांत आम्ही तीन वेळा विचारले. पहिल्या वेळी किल्ली कोषाध्यक्षांकडे होती, दुसऱ्या वेळी माजी कार्यवाहांकडे, तिसऱ्या वेळी 'बहुधा हरवली असावी'. चषकाची रक्कम कमी करून कुलूप तोडावयाचे झाल्यास वर्गणीपोटी शंभर रुपये आम्ही आजच देतो. आमचे पुस्तकही त्या कपाटात ठेवावयास आम्ही तयार आहोत. त्याचे सातवे पान अर्धे चावलेले आहे, पण त्यावरील ओळी कन्येस विचारल्यास मिळतील.